दोन मस्टरवर एकच सही: नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्राची पदवी

प्रश्न असा आला आहे: ‘जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. बी.ए., डी.एड. आहे. २०१० च्या शिक्षकभरतीच्या सीईटीतून लागले, आता वय ३८. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत. शाळा घरापासून २७ किलोमीटर, स्कूटीने जाते. पुढे शिकायचं आहे, जमलं तर डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) काम करायचं आहे. ओळखीचे सांगतात, एम.एड. करून टाका, एक कॉलेज आहे, हजेरीचं ते बघतात. नोकरी सांभाळून हे होईल का? माझं इंग्रजीही कच्चं आहे.’

ताई, नोकरी सांभाळून शिकणं होतं. मी स्वतः केलं आहे. नंतर अकरा वर्षं दर रविवारी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर संमंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांची मार्गदर्शक, म्हणून बसले, तेव्हा तुमच्यासारख्या शेकडो जणींना करताना पाहिलं. पण हजेरीचं ‘बघणारं’ ते कॉलेज मात्र डोक्यातून काढा. आधी त्याचंच बोलते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

एन.सी.टी.ई.च्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमावलीप्रमाणे एम.एड. दोन वर्षांचं आणि नियमित आहे. वर्षाला २०० दिवस काम, तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, क्षेत्रकार्याला ९० टक्के. तुमची शाळा साडेदहाला भरते. म्हणजे हजेरी ‘बघितली’ याचा अर्थ एकच, त्या दोन वर्षांत एकाच दिवशी तुमची सही दोन मस्टरवर आहे. शाळेच्या मस्टरवरची खरी असेल तर कॉलेजची खोटी, आणि कॉलेजची खरी असेल तर शालार्थ या वेतनप्रणालीतून निघालेला पगार खोटा. तेव्हा कुणी काही बोलत नाही. बोलतात ते आठ-दहा वर्षांनी, सेवाज्येष्ठता यादी लागते तेव्हा. एका पदासाठी पन्नास जण रांगेत असतात आणि त्यातला कुणीतरी माहितीच्या अधिकारात दोन्ही मस्टरच्या नकला मागतो. माझ्या माहितीतले एक गुरुजी आहेत. एम.एड.ची गुणपत्रिका त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे आणि आजवर एकाही अर्जाला जोडलेली नाही. दोन वर्षांची फी भरून विकत घेतलेली भीती आहे ती.

एम.एड. सरळ मार्गाने करायचंच असेल तर अध्ययन रजा हा रस्ता आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये तिची तरतूद आहे. मात्र परत येऊन ठरावीक काळ सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं, आणि दोनशिक्षकी शाळेतून एक बाई दोन वर्षं सोडायला गटशिक्षणाधिकारी सहजासहजी तयार होत नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही झाले नसते, कारण चार वर्ग एका माणसावर पडतात. दुसरी एक शक्यता दिसते आहे. एन.सी.टी.ई.ने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या नियमावलीचा मसुदा काढला. त्यात एक वर्षाचं पूर्णवेळ एम.एड. आणि नोकरदारांसाठी दोन वर्षांचं अर्धवेळ एम.एड. सुचवलेलं आहे. ते प्रत्यक्ष तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात मान्यतेसह सुरू झालं तर जरूर विचार करा. तोपर्यंत ‘सुरू होणारच आहे, आत्ता नाव घाला’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मग काय करायचं? माझ्या मते तुमच्यासाठी क्रम असा: टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग सेवांतर्गत बी.एड., मग एम.ए. शिक्षणशास्त्र. सांगितल्याबरोबर लांबलचक वाटतं. पण यातली एकही पायरी तुम्हाला शाळेच्या मस्टरवरून हलवत नाही.

टीईटी आधी का ते तुम्हाला ठाऊक असेलच. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे अशा कार्यरत शिक्षकांनाही टीईटी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावं लागेल. आपल्याकडची पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. तुम्ही २०१० च्या, म्हणजे तुमच्याकडे ती नसणार, आणि सेवा तर वीस वर्षं शिल्लक आहे. संघटना काय करतात, याचिकांचं काय होतं, ते होत राहील. तुम्ही पेपर एकच्या, म्हणजे पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठीच्या पेपरच्या, मागे लागा. १५० प्रश्न, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण. त्यात बालमानसशास्त्राचे ३० प्रश्न असतात, त्यासाठी केलेलं वाचन पुढे बी.एड.च्या पहिल्या वर्षाला जसंच्या तसं उपयोगी पडतं. इंग्रजीचेही ३० असतात. तुमच्या कच्च्या इंग्रजीची पहिली मशागत तिथेच होऊन जाईल.

आता बी.एड. लोक विचारतात, मी पहिली-दुसरीची बाई, मला बी.एड. कशाला? प्रश्न बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रताच धरली जात नाही, तिथे डी.एड.च लागतं आणि ते तुमच्याकडे आहे. सहावी ते आठवीच्या पदवीधर शिक्षकालाही बी.ए. आणि डी.एड. चालतं. त्यामुळे केवळ ‘पदवीधर’ व्हायचं म्हणून बी.एड. करू नका. ते करायचं ते त्याच्या पुढच्या दारांसाठी. नववी-दहावीला शिकवायला बी.एड. लागतं. खासगी अनुदानित शाळेत असता तर सेवाज्येष्ठतेच्या अनुसूची फ मधला प्रवर्ग त्यावर ठरला असता. आणि तुमच्या डाएटच्या इच्छेशी त्याचा जो संबंध आहे तो फारसं कुणी सांगत नाही.

एन.सी.टी.ई.च्या त्याच २०१४ च्या निकषांत बी.एड. कॉलेजातल्या शिक्षणाच्या पायाभूत विषयांच्या अध्यापकासाठी दोन पर्याय आहेत. पहिला, सामाजिक शास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. दुसरा, एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड. सगळीकडे किमान ५५ टक्के. हा दुसरा पर्याय वाचून एका संपर्कसत्रात माझ्यासमोर बसलेल्या दोन बाई एकमेकींकडे बघतच राहिल्या होत्या, कारण तोवर त्यांना सगळ्यांनी ‘एम.एड.शिवाय काही नाही’ असंच सांगितलं होतं. यात अडकायला होतं ते त्या ५५ मध्ये. प्रवेशाला ५० टक्के पुरतात, म्हणून लोक ५२-५३ वर समाधान मानतात आणि पुढे दार बंद होतं. तुम्ही पहिल्या सत्रापासून ६० धरून चाला. डाएटच्या अधिव्याख्याता पदासाठी अर्हता काय मागतात हे मात्र माझ्याकडून किंवा इतर कुणाकडून ऐकू नका, मागच्या जाहिराती काढून शब्दन् शब्द वाचा. शिवाय डाएटमध्ये जिल्हा परिषदेचे शिक्षक विषय सहायक म्हणून प्रतिनियुक्तीवर जातात. तिथे पदवीइतकंच तुम्ही वर्गात काय करून दाखवलं आहे हे विचारलं जातं. त्यावर पुढे येते.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. नेमकं तुमच्यासारख्यांसाठी आहे: सेवेत असलेले, डी.एड. झालेले प्राथमिक शिक्षक, दोन वर्षं, मराठीतून. एम.ए. शिक्षणशास्त्रही तिथे मराठीतून आहे. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, एम.ए. शिक्षणशास्त्र कुठल्याही पदवीधराला करता येतं, साहित्य इंग्रजी आणि हिंदीतून मिळतं, किमान दोन आणि कमाल चार वर्षं. टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणावरचं एक एम.ए. सुरू केलं होतं, काही आठवडे संस्थेत राहून आणि बाकी घरी अभ्यास अशा दुहेरी पद्धतीचं. माझ्या पिढीतल्या ज्यांनी ते केलं त्यांचं वर्गाकडे पाहणंच बदललेलं मी पाहिलं आहे. पण ते अजून तसंच चालू आहे का ते आधी विचारा, आणि आठवडेच्या आठवडे मुंबईत राहणं बालवाडीतल्या मुलाला घरी ठेवून जमेल का, हे तुम्हालाच माहीत.

कुठेही नाव घालण्याआधी यू.जी.सी.च्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं, त्या अभ्यासक्रमाचं आणि त्याच वर्षाचं नाव आहे का ते पाहा. तिन्ही जुळायला हवीत. बी.एड.ला याखेरीज एन.सी.टी.ई.ची मान्यता लागते. ‘परराज्यातून आठ महिन्यांत बी.एड.’ वाल्यांबद्दल वेगळं लिहीत नाही, तुम्ही शहाण्या आहात.

आता कागद. मी स्वतः इथेच आपटले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. बी.एड.ला मी आधी प्रवेश घेतला आणि परवानगीचा अर्ज नंतर केला. ‘मिळेल की, शिकायला कोण नाही म्हणतं?’ असं वाटलं. पदवी झाल्यावर सेवापुस्तकात नोंद घ्यायची वेळ आली तेव्हा लिपिकाने विचारलं, पूर्वपरवानगी कुठाय? प्रवेशाची तारीख जूनची, परवानगी सप्टेंबरची. तीन महिन्यांच्या त्या फरकापायी माझी फाईल दीड वर्ष या टेबलावरून त्या टेबलावर फिरली आणि त्या दीड वर्षात माझ्यामागचे चार जण यादीत पुढे गेले.

तेव्हा अर्ज प्रवेशाआधी द्या. मुख्याध्यापकांमार्फत, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, असा योग्य मार्गे. त्यात विद्यापीठ, अभ्यासक्रम, पद्धत दूरस्थ, कालावधी आणि संपर्कसत्रं सुट्टीच्या दिवशी असल्याचं स्पष्ट लिहा. शालेय कामकाजात अडथळा येणार नाही, परीक्षेच्या दिवसांखेरीज रजा मागणार नाही, हे वाक्य टाका. ते वाचून साहेबांचा जीव भांड्यात पडतो. आणि ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं तरी तिथेच उभ्या राहा. परवानगीचं पत्र, प्रवेशाची पावती, प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, सगळं एका फाईलमध्ये, आणि एक छायांकित संच माहेरी. हसू नका, आमच्याकडे पुराच्या पाण्यात कपाटं गेलेली आहेत.

वेळेबद्दल तुम्ही फार विचारलं नाही, पण मनात तेच असणार. आठवड्याला नऊ-दहा तास लागतात, त्याहून कमीत होत नाही. माझे पहाटे पाच ते सव्वासहा आठवड्यातून पाच दिवस आणि रविवारी दुपारी तीन-चार तास असे निघायचे. रात्रीचा अभ्यास मी करून पाहिला. शाळेतून घरी येऊन, स्वयंपाक करून, मुलांचा गृहपाठ घेऊन रात्री दहाला पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर माझं कपाळ टेकायचं. तुम्ही एस.टी.ने जात असता तर प्रवासात वाचा म्हणाले असते. स्कूटीवर ते नाही. पण रविवारी वाचलेलं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर बोलून ठेवा आणि दुपारी पोषण आहाराची नोंद करताना ऐका. दुसऱ्याच्या भाषणापेक्षा आपल्याच आवाजातलं जास्त लक्षात राहतं, का ते मला माहीत नाही.

वर्षाचा हिशेब आधी मांडा. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरात येतात. जूनमध्ये शाळा उघडते, पटनोंदणी, पुस्तकवाटप, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं. डिसेंबरात सहली आणि स्नेहसंमेलन. म्हणजे तुमचा खरा अभ्यास दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत झालेला असला पाहिजे. निवडणुका आल्या तर मतदारयाद्यांचं बी.एल.ओ.चं काम येईलच. शिवाय जनगणनेत लोकसंख्या मोजणीचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि प्रगणक म्हणून दारोदार फिरणार आहोत आपणच. त्या सत्रात कमी विषय घ्या. दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत झाली म्हणून कुणी सेवापुस्तकात लाल शाई वापरत नाही. पण स्वाध्याय, म्हणजे घरी लिहून पाठवायची उत्तरं, वेळेत द्या. इग्नूत ३० टक्के गुण स्वाध्यायांना आणि ७० टक्के परीक्षेला. एम.ए.ला एका विषयाचे स्वाध्याय मी ‘उद्या टपालात टाकते’ करत ठेवले. परीक्षेत चांगले गुण पडले, तरी निकाल अपूर्ण राहिला आणि सहा महिने गेले.

घरच्यांचं म्हणाल तर मोघम मदत मागू नका, काम नेमून द्या. ‘मला जरा सांभाळून घ्या’ म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि काहीच बदलत नाही. ‘रविवारी तीन ते सहा दोन्ही मुलं तुमच्याकडे, भांडली तरी मला हाक मारायची नाही’ हे मी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा ते झालं. सासूबाईंना मी माझ्या स्वाध्यायातले उतारे वाचून दाखवायचे. त्यांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डी-कोसबाडचं काम इतकं आवडलं की त्या शेजारणींना ‘आमची सून अंगणवाड्यांचा इतिहास शिकतेय’ असं सांगू लागल्या. त्या वर्षीचा फराळ मी विकत आणला, त्यावर एक शब्द निघाला नाही. तसं घरात आधी कधीच झालं नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे एवढं लिहायला बसले ती सांगते. अभ्यासकेंद्रावर मी दोन प्रकारचे शिक्षक पाहिले. एकांच्या लेखी शाळा हा अभ्यासातला अडथळा असतो. शाळा सुटली की अभ्यास सुरू. ते दमतात, पाठांतर करतात, पन्नास-बावन्न टक्के मिळवतात आणि मिळालेलं विसरून जातात. दुसरे थोडे असतात. ते शाळेतच अभ्यास करतात, आणि तेही मुलांचा वेळ न चोरता. हे कसं, ते माझ्या एका दुपारच्या प्रसंगावरून सांगते.

मानसशास्त्रज्ञ पियाजेचा संख्येच्या अक्षय्यतेचा सिद्धांत (वस्तूंची मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, हे मुलांना हळूहळू कळतं) मला कितीदा वाचूनही डोक्यात बसत नव्हता. एके दिवशी पहिलीच्या वर्गात चिंचोक्यांचे गणिती खेळ चालले होते. मी सात-सात चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडल्या. विचारलं, सारखे आहेत का? सगळे म्हणाले, हो. मग त्यांच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांब पसरवली. आता कुठे जास्त? पंधरापैकी अकरा मुलांनी पसरलेल्या ओळीकडे बोट केलं. एकीने मोजलं, सात आणि सात आली, आणि तरी म्हणाली, ‘पण बाई, हे जास्त आहेत, लांब गेलेत ना.’ मग दुसरीतला एक मुलगा पुढे आला आणि वैतागून म्हणाला, ‘अगं, कुणी टाकले का नवीन? मग कसे जास्त?’ त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत पियाजे होता. पंधरा मिनिटं लागली. त्या प्रश्नाचं उत्तर मी कधी पाठ केलं नाही आणि परीक्षेत ते सगळ्यात चांगलं लिहिलं. शिवाय त्या दुसरीतल्या मुलाने पहिलीच्या मुलीला ज्या तऱ्हेने समजावलं, ते, दुसऱ्याच्या मदतीने मूल कसं शिकतं हे सांगणाऱ्या व्हायगॉट्स्कीच्या उत्तरात गेलं.

तुमच्याकडे तर पहिली-दुसरी एकत्र आहे. शहरातल्या एम.एड.च्या मुलांना असा वर्ग शोधत फिरावं लागतं. माझी सवय अशी होती: टाचणवहीत रोजचं टाचण डाव्या पानावर, उजवं पान कोरं. आठवड्यात वाचलेल्या एखाद्या संकल्पनेचं वर्गात काय झालं ते उजव्या पानावर चार ओळीत. मुलांची खरी वाक्यं, तारखेसकट. वर्षाअखेरीस माझ्याकडे अशी नव्वद-शंभर पानं होती. स्वाध्याय लिहायला बसलं की निम्मी उदाहरणं तिथून निघायची. विस्तार अधिकारी भेटीला आले तेव्हा ते मस्टर बाजूला ठेवून ती वहीच वाचत बसले. डाएटच्या मुलाखतीत ‘वर्गात काय करून पाहिलं?’ म्हणून विचारतील, तेव्हा तुम्ही ती वही पुढे ठेवायची.

इतिहासाच्या आणि तत्त्वज्ञानाच्या पेपरांचंही तसंच. फ्रोबेल आणि माँटेसरी सगळेच लिहितात. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या अशा मागण्या आहेत. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. आपल्या मातीतलं वाचलं की ते आपल्या केंद्रातल्या शाळांना लावून पाहता येतं, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाही शंभरातली एक वेगळी हाताला लागल्याचं बरं वाटतं. मी तपासल्या आहेत, म्हणून सांगते.

मग प्रबंधिका, म्हणजे एम.ए.साठी लिहायचा छोटा संशोधन अहवाल. इथे नव्वद टक्के लोक एकच चूक करतात. विषय घेतात ‘अमुक तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या कार्यसमाधानाचा अभ्यास’. दोनशे प्रश्नावल्या छापतात, केंद्रसंमेलनात वाटतात. तिथे चहा येईपर्यंत एकेक जण शेजारच्याचं बघून बरोबरच्या खुणा करतो, काहींच्या पाच-पाच प्रश्नावल्या एकाच हस्ताक्षरात परत येतात. त्यातून निष्कर्ष निघतो की शिक्षक मध्यम प्रमाणात समाधानी आहेत. हे कळायला प्रबंधिका कशाला हवी? चहा पिताना विचारलं असतं तरी कळलं असतं.

विषय आपल्या वर्गातला घ्या, लहान घ्या. माझा होता तिसरीतल्या मुलांच्या हातच्याच्या वजाबाकीतल्या चुका. ५२ मधून २७ गेले तर २३ पैकी ९ मुलांचं उत्तर ३५ यायचं. आधी मी ‘लक्ष नाही’ म्हणून लाल फुली मारत असे. प्रत्येकाला शेजारी बसवून ‘कसं केलंस, सांग’ म्हटलं तेव्हा कळलं की मुलं पद्धतशीर वागत होती. वरचा अंक लहान असो की मोठा, मोठ्यातून लहान वजा करायचा: ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. एकदा ही पद्धत कळली की ५०३ मधून २४८ गेले तर ते मूल ३४५ लिहिणार हे मी आधीच सांगू शकत होते, आणि ते तसंच लिहायचं. मग काड्यांचे गठ्ठे सोडवण्याचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम केला, आधी एक चाचणी, नंतर एक. संख्याशास्त्र म्हणाल तर मध्यमान, प्रमाण विचलन आणि एकाच गटाच्या आधीच्या-नंतरच्या गुणांसाठीची टी-चाचणी. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी १९५०च्या दशकात शिक्षकांच्या कृतिसंशोधनाबद्दल जे मांडलं ते हेच होतं, आणि दरवर्षी डाएट आपल्याकडून कृतिसंशोधन मागतं तेही हेच. म्हणजे एकच काम दोन्हीकडे चाललं. फक्त पालकांना आधी सांगा, आणि अहवालात मुलांची खरी नावं लिहू नका.

मार्गदर्शक पहिल्या भेटीत तुम्हाला मोठा, भारदस्त विषय सुचवतील. नम्रपणे हातातल्या दहा वह्यांच्या नकला पुढे ठेवा. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्या वहीवर चष्मा लावला, चौथ्या वहीपर्यंत ते स्वतःच पुढची चूक काय असेल याचा अंदाज बांधायला लागले होते.

राहिलं इंग्रजी. बी.एड. आणि एम.ए. दोन्ही मराठीतून करता येतात, त्यामुळे पदवी इंग्रजीवाचून अडणार नाही. अडेल ते नेटला, म्हणजे सहायक प्राध्यापक पात्रतेच्या राष्ट्रीय परीक्षेला. शिक्षणशास्त्राची नेट द्यायची ठरवलीत, आणि सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही तेव्हा ४३व्या वर्षीही देता येते, तर दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, आणि प्रश्न इंग्रजी-हिंदीत. त्यासाठी आत्तापासून एवढंच करा: मराठी स्वयंअध्ययन पुस्तकात एखादी संज्ञा आली की तिचा इंग्रजी शब्द समासात देवनागरीत लिहा आणि रोज इग्नूच्या मोफत उपलब्ध पुस्तिकेतलं एक पान वाचा. एकच पान. समजलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुढचं. पहिले तीन महिने मला प्रत्येक ओळीत शब्दकोश लागायचा. चौथ्या महिन्यात लक्षात आलं की शिक्षणशास्त्राचं इंग्रजी चारशे-पाचशे शब्दांवर चालतं, आणि तेच ते शब्द फिरून फिरून येतात.

या आठवड्यात टीईटीचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि सोमवारी मुख्याध्यापकांना बी.एड.च्या परवानगीबद्दल तोंडी सांगून ठेवा. प्रवेशाची जाहिरात आल्यावर लेखी अर्जाचा मसुदा मला पाठवा, मी पाहून देईन.